ओढा माशांसाठी सावरायचाय: खोलीकरण, बंधारा, भिंत की सांडपाण्याचं काम? पुण्याच्या ओढ्यांसाठी तुलना

पुण्यात ओढ्यावर काम करायचं ठरलं की तेच तीन-चार प्रस्ताव समोर येतात. कुणी पोकलेन लावून खोली वाढवा म्हणतं, कुणाला सिमेंटचा बंधारा हवा असतो, कुणी दोन्ही काठांना भिंत मागतं, तर कुणी टेकडीवर चर खोदायचा आग्रह धरतं. यातलं प्रत्येक काम कुठे ना कुठे योग्य आहे. पण ओढ्यात मासे, बेडूक, खंड्या, ढोकरी परत यावेत असा हेतू असेल, तर निवड बदलते आणि कामांचा क्रम तर पुरताच बदलतो. ज्या गृहनिर्माण संस्थेकडे, ग्रामपंचायतीकडे किंवा गटाकडे ओढ्याचा अर्धा-एक किलोमीटर आणि एक उन्हाळा आहे, त्यांच्यासाठी ही तुलना आहे.

आमचं मत आधीच सांगतो. माशाला तीन गोष्टी लागतात: श्वास घेता येईल असं पाणी, मे महिन्यात तग धरायला डोह आणि पावसाळ्यात वर चढायला मोकळी वाट. यातली एकही गोष्ट हिरावून घेणारं काम कितीही देखणं झालं तरी माशांच्या उपयोगाचं नाही.

पाणी तपासल्याशिवाय निवड करू नका

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत वन्यजीव आणि मत्स्यसंवर्धनासाठीच्या पाण्याचे निकष दिलेले आहेत: विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान ४ मिलिग्रॅम, सामू (pH) ६.५ ते ८.५ आणि मुक्त अमोनिया (नायट्रोजनच्या हिशोबात) १.२ मिलिग्रॅमपर्यंत. नमुना सूर्योदयाच्या सुमारास घ्या. दुपारी शेवाळ प्राणवायू सोडत असतं, त्यामुळे सांडपाण्याच्या ओढ्यातही आकडा चांगला दिसतो. पहाटेपर्यंत तोच प्राणवायू संपलेला असतो, आणि मासे मरतात ते पहाटेच. सामूही बघा, कारण सामू जितका जास्त तितका अमोनिया अधिक विषारी होतो.

प्रयोगशाळा नसेल तर वाहत्या पाण्यातला दगड उलटा करून पाहा. खाली तीन शेपट्यांच्या चपट्या अळ्या चिकटलेल्या असतील तर पाण्यात जीव आहे. गाळात फक्त लालभडक, धाग्यासारख्या अळ्या असतील तर पैसे आधी सांडपाण्यावर घाला. बाकीच्या कामांची चर्चा नंतर.

खोलीकरण की डोह?

या प्रश्नावर सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून इथे जरा थांबू. सरसकट खोलीकरणात ओढ्याचा तळ सपाट आणि काठ एकसारखे तिरके होतात. पावसाळ्यात पाणी झटकन निघून जातं आणि हे बऱ्याच जणांना यश वाटतं. पण मार्चमध्ये तेच पाणी घोट्याएवढं होऊन पूर्ण रुंदीभर पसरतं, तापतं आणि आटतं. दगडाला खालच्या तोंडाने चिकटून राहणारा मळ्या किंवा दगडांच्या फटीत राहणारी मुरी यांचं घर म्हणजे ते दगडच. पोकलेन पहिल्यांदा तेच उचलून नेतो.

दुसरा तोटा लगेच दिसत नाही. एका ठिकाणी तळ खोल गेला की त्याच्या वरच्या बाजूचा तळ मागे मागे खचत जातो, काठ ढासळतात, झाडं आडवी होतात आणि तो सगळा गाळ तुमच्याच खोल केलेल्या भागात येऊन बसतो. पुण्याच्या बेसाल्टमध्ये सच्छिद्र थर आणि कठीण काळा पाषाण एकाआड एक असतात. खालचा पाणी धरणारा थर फोडला तर ओढ्यातलं पाणी तळातून निघून जातं. नेमका सच्छिद्र थर उघडा पडला, तर भूजल उन्हात उघडं पडून वाफ होऊन जातं.

खोलीकरण कुठे चालतं? जिथे बांधकामाचा राडारोडा टाकून ओढा बुजवला आहे तिथे. विटा, काँक्रीटचे तुकडे, प्लास्टिक, भरावाची माती काढा आणि मूळ तळ लागला की थांबा. गोलसर दगड आणि जाड वाळू दिसू लागली म्हणजे मूळ तळ आला. पोकलेनच्या चालकाला हे समजावून देणारा माणूस दिवसभर तिथे उभा हवा. फेऱ्यांच्या हिशोबाने पैसे ठरवले तर तळ नक्की खरवडला जातो.

याला पर्याय म्हणजे डोह आणि खळाळ (दगडांवरून पाणी खळखळत जातं तो उथळ भाग) यांची जोडी. नैसर्गिक ओढ्यात खळाळाचे टप्पे साधारण रुंदीच्या ५ ते ७ पट अंतरावर येतात. ओढा ४ मीटर रुंद असेल तर २० ते २८ मीटरवर एक खळाळ येतो आणि दोन खळाळांच्या मध्ये डोह राहतो. डोहाची जागा नकाशावर ठरवू नका. मार्चमध्ये ओढ्याकाठाने चालत जा. जिथे पाणी अजून साचलेलं आहे, बहुधा वळणाच्या बाहेरच्या अंगाला, तीच जागा. तिथे उन्हाळ्यात १ ते दीड मीटर पाणी राहील इतकाच गाळ काढा. एक बाजू १:४ उताराची (१ मीटर उंचीला ४ मीटर आडवं अंतर) ठेवा, म्हणजे बेडकांना आणि डोहात पडलेल्या प्राण्यांना बाहेर येता येतं. खळाळासाठी १५ ते ३० सेंटिमीटरचे मिश्र आकाराचे दगड घ्या आणि निदान तिसरा हिस्सा तळात रोवा. नुसते वर ठेवलेले दगड पहिल्या पुरात निघून जातात.

दोन्हींत निवड करायची तर आम्ही डोहाचंच काम सांगू. मोजमापाच्या वहीत ते छोटं दिसतं, हा त्याचा एकच दोष.

बंधारे: कोणता चालतो, कोणता माशांची वाट अडवतो

मृगाचा पाऊस पडला की चढणीचे मासे प्रवाहाच्या उलट निघतात आणि वरच्या उथळ, स्वच्छ पाण्यात अंडी घालतात. बंधारा निवडताना एवढंच विचारा: जून-जुलैत ही भिंत उघडी असते का?

सिमेंट नाला बांध उघडा नसतो. पाणी चांगलं साठतं, विहिरींना फायदा होतो, पण मीटर-दीड मीटरच्या उभ्या धारेवर आपले छोटे मासे चढू शकत नाहीत. ते खाली गोळा होतात आणि जाळ्यात सापडतात. वरच्या बाजूला गाळ भरत जातो आणि काही वर्षांत साठाही उरत नाही. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याच्या फळ्या पावसाळ्याआधी काढून ऑक्टोबरमध्ये बसवायच्या असतात. ही शिस्त पाळली तर माशांसाठी तो सिमेंट बांधापेक्षा कितीतरी बरा. अडचण अशी की फळ्या काढण्याची जबाबदारी कुणाचीच नसते; त्या तशाच राहतात, गंजतात किंवा चोरीला जातात. नाव आणि तारीख ठरवून जबाबदारी लिहून घेतल्याशिवाय हा बंधारा निवडू नका.

वनराई बंधारा आम्हाला लहान ओढ्यांसाठी सगळ्यात आवडतो. पावसाळा संपताना, वाहतं पाणी असतानाच, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून तो रचतात. दीड-दोन माणसांच्या उंचीचा करायचा मोह टाळा, मीटरभर पुरे. उन्हाळ्यात पाणी राहतं आणि पावसाळ्यात वाट मोकळी. फक्त मेअखेर गोण्या काढून घ्याच. वाहून गेल्या तर त्याच प्लास्टिकच्या चिंध्या खालच्या डोहात जातात.

गॅबियन, म्हणजे जाळीत भरलेले दगड, पाणी झिरपू देतं, पण उंच बांधलं तर माशांना तीच अडचण. दगड जाळीच्या भोकापेक्षा मोठे हवेत. १५ ते २५ सेंटिमीटरचे चालतात. पायाखालची माती वाहून जाऊ नये म्हणून समोर ३० सेंटिमीटर जाडीची दगडी गादी द्यावी लागते. ती वाचवण्याच्या नादात अख्खं गॅबियन पुढे कलंडतं. सांडपाण्याच्या ओढ्यात तार लवकर गंजते, तिथे गॅबियन नकोच. अनघड दगडांचे बांध माथ्याजवळच्या घळींसाठी आहेत, मुख्य ओढ्यासाठी नाहीत: उंची मीटरच्या आत, वरच्या बाजूचा उतार १:१, खालचा १:३, टोकं काठात रोवलेली.

आणि बंधारा आधीच बांधलेला असेल तर? पाडायची परवानगी सहसा मिळत नाही. मग खालच्या बाजूला दगडी उतरण करा. १:२० उताराने १ मीटर उंचीला २० मीटर लांबी लागते. मळ्या-मुरीसारख्या छोट्या माशांसाठी १:३० अधिक बरं. मध्ये मोठे दगड डोकं वर काढून उभे रोवा, त्यांच्या आडोशाला मासा दम घेतो. बंधाऱ्याच्या माथ्यावर एक खाच ठेवा, नाहीतर कमी पाण्यात पातळ थर सगळीकडे पसरतो आणि वाट उरत नाही. रस्त्याखालच्या मोऱ्यांनाही हेच लागू. पाइप हवेत लटकलेला असेल तर तो बंधाराच आहे. नवी पेटीमोरी बसवताना तिचा तळ ओढ्याच्या तळापेक्षा ३० सेंटिमीटर खाली घ्या, म्हणजे आत दगड-वाळू बसते.

काठ: भिंत की उतार?

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुरानंतर काठाच्या वस्तीने भिंत मागितली तर त्यात चूक काही नाही. ओढ्याला टेकून घरं आहेत तिथे संरक्षक भिंतीला पर्याय नाही. अशा ठिकाणी एकच आग्रह धरा: तळाला काँक्रीट नको. भिंतींच्या मध्ये मूळ दगड-वाळूचा तळ आणि त्यात एक अरुंद, खोल धार राहिली तरी मासे त्या भागातून वर-खाली जाऊ शकतात.

जागा असेल तर उतारच घ्या. २ मीटर उंच काठाला १:२ उतारासाठी प्रत्येक बाजूला ४ मीटर लागतात. बागेसाठी फरशी घातलेली पायवाट काठाला चिकटवली की नेमकी हीच जागा जाते. पाण्यालगत लव्हाळा आणि वाळा, त्यावर निर्गुडी, वाळुंज, करंज, वरच्या अंगाला उंबर, जांभूळ, अर्जुन. उंबराची मुळं काठ धरतात आणि सावलीने डोहाचं पाणी थंड राहतं. सुबाभूळ आणि घाणेरी काढताना मात्र एकाच वेळी सगळा काठ उघडा पाडू नका. टप्प्याटप्प्याने काढा आणि त्याच पावसाळ्यात तिथे दुसरं काही लावा.

सांडपाणी: दूर नेणं की जागेवर शुद्ध करणं?

दूर नेणारी वाहिनी टाकणं हे महानगरपालिकेच्या आवाक्यातलं काम. शहराच्या दाट भागात तेच योग्य, कारण तिथे दुसऱ्या उपायाला जागाच नाही. तोटा असा की पुण्याचे बहुतेक ओढे मुळात पावसाळी. सगळं पाणी वळवलं की डिसेंबरनंतर ओढा कोरडा. म्हणून डोहांचं काम बरोबरच व्हायला हवं.

गावाकडच्या भागात वनस्पतींचा गाळणी-पट्टा परवडतो. हिशोब करून बघा: २००० लोक, माणशी १३५ लिटर वापर, त्यातलं ८० टक्के सांडपाणी धरलं तर दिवसाला २,१६,००० लिटर. माणशी १ ते दीड चौरस मीटरने २००० ते ३००० चौरस मीटर, म्हणजे अर्धा ते पाऊण एकर. ६० सेंटिमीटर खोल, १० ते २० मिलिमीटर खडीचा थर, त्यात कर्दळ, पाणकणीस. पाणी दोन-तीन दिवस आत राहायला हवं. हे पट्टे बंद पडतात ते दोनच कारणांनी: आधी गाळ बसवणारी टाकी नसते आणि खडी तुंबते, किंवा पट्टा ओढ्याच्या पात्रातच बांधतात आणि पहिला पूर तो घेऊन जातो. पट्टा काठावर, पुराच्या रेषेबाहेर हवा. पात्रात ओतायचं जिवाणूंचं द्रावण वास तात्पुरता कमी करतं, पण सांडपाणी रोज येतच राहतं. त्यावर निधी घालू नका.

टेकडीवरचे चर आणि मासे सोडणं

६० बाय ३० सेंटिमीटरचे सलग समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खोदलेले) ८ मीटर अंतराने घेतले तर हेक्टरी १२५० मीटर चर आणि २२५ घनमीटर जागा मिळते, म्हणजे एका वेळी साडेबावीस मिलिमीटर पाऊस धरला जातो. उजाड उताराला हे चांगलं. पण पुण्याच्या टेकड्यांवरचे नैसर्गिक गवताळ माळ खोदून तिथे गिरिपुष्प लावणं म्हणजे एक अधिवास मोडून दुसरा उभा करण्याचा प्रयत्न. माळ तसाच राहू द्या, वणवे आणि राडारोडा रोखा.

मासे सोडण्याची बहुधा गरजच नसते. पाणी आणि वाट ठीक असेल तर ते मुळेतून किंवा वरच्या डोहातून आपणहून येतात. महसीर सोडायची हौस अनेकांना असते. ब्रिटिश निसर्ग-अभ्यासक साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या नमुन्यावरून त्याची शास्त्रीय नोंद केली हे खरं, पण तो मोठ्या वाहत्या नदीचा मासा आहे, चार मीटरच्या ओढ्याचा नाही. डासांसाठी गप्पी किंवा गंबुसिया सोडू नका. गंबुसिया माशांची अंडी आणि बेडकांची पिल्लं खातो. तिलापिया आणि बंदी असलेला आफ्रिकन मांगूर तर कधीच नको.

कुठल्या भागाला काय

राम नदीच्या भूकुम-भूगाव बाजूसारख्या वरच्या भागात निधी वाट मोकळी ठेवण्यावर, डोहांवर आणि लहान वस्त्यांच्या सांडपाण्यावर घाला. बावधन-पाषाण-बाणेरसारख्या मधल्या भागात आधी राडारोडा आणि सांडपाणी, मग मोऱ्या, काठ शेवटी. आंबिल ओढ्याच्या खालच्या टप्प्यात पूर आणि गटार हेच मुख्य प्रश्न. तिथे तळ मोकळा राहिला तरी खूप झालं.

पाहणी नोव्हेंबर ते जानेवारी, यंत्रांचं काम फेब्रुवारी ते मे, ३१ मेनंतर पात्रात एकही यंत्र नको. पात्रात हात घालण्याआधी महानगरपालिकेची किंवा जलसंपदा विभागाची आणि टेकडीवर वन विभागाची परवानगी घ्या. दोन पावसाळ्यांनंतर डोहांची खोली काठीने मोजा. निम्म्याहून जास्त गाळ भरला असेल तर पुन्हा पोकलेन बोलावू नका. वर चालत जा, उघडं पडलेलं बांधकाम किंवा कापलेला उतार सापडेल, आणि पुढचा खर्च तिथे करा.