क्लोरहेक्झिडिन स्क्रब, 4 टक्के: औषध खरं, लेबल थापाडं

पाचपैकी चार तारे. एक तारा लेबलापायी कापला, औषधापायी नाही.

बाटलीवर ठळक अक्षरांत छापलंय, 'घोड्याच्या पायांच्या त्वचेच्या सर्व तक्रारींवर'. सर्व! एका बाटलीत सगळं भागलं असतं तर पशुवैद्यांनी कधीच दुसरा धंदा शोधला असता. आतला माल मात्र अस्सल आहे. क्लोरहेक्झिडिन ग्लुकोनेट हे जंतुनाशक 4 टक्के, रंग गुलाबी, जरा घट्टसर, फेस बेताचा, वास दवाखान्याचा. जिवाणूंवर उत्तम काम करतं. खरजेच्या किड्यांचं काही बिघडवत नाही, आणि उन्हाने पोळलेल्या कातडीवर तर त्याचा काही संबंधच नाही.

माझ्याकडे एक घोडी आणि एक घोडा. दोघांच्याही पायांवर हे वापरलं आणि निकाल अगदी उलट लागले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

घोडी पंचकल्याणी. चारही पाय पांढरे, म्हणजे केसांखालची कातडी गुलाबी, आणि चिखलपाण्याच्या दिवसांत पहिली तक्रार तिचीच. खुराच्या वर, घोट्याच्या खाली मागच्या बाजूला जी घडी पडते तिथे सुरू होतं. डोळ्यांना दिसायच्या आधी बोटांना कळतं, केसांत कण्या अडकल्यासारखं खरखरीत लागतं. मग खपल्या धरतात. खपली भिजवून अलगद सोडवली तर केसांचा झुबका मुळासकट तिच्यातच रुतून बाहेर येतो. खाली पिवळट पू आणि लालभडक कच्ची कातडी. घोडी पाय झटकते ते उगाच नाही.

यामागे बहुतेक वेळा डर्मॅटोफिलस काँगोलेन्सिस नावाचा जिवाणू असतो, कधी स्टॅफिलोकॉकस. धडधाकट, कोरड्या कातडीत डर्मॅटोफिलसला शिरकाव मिळत नाही. कातडी सतत ओली राहून मऊ पडली किंवा खरचटली की वाट मोकळी, आणि पाण्यात त्याचे बीजाणू चक्क पोहत पसरतात. म्हणून रोज पाइप लावून पाय धुणं हा उपचार नाही, निमंत्रण आहे. चिखल वाळू द्यावा आणि ब्रशने झाडावा. आमच्या मोतद्दाराला हे पटवायला मला जेवढी मेहनत पडली तेवढी घोडीला पाय उचलायला शिकवतानाही पडली नव्हती.

आता वापर. लेबल म्हणतं 'लावा आणि धुवा'. हेच मला सर्वांत खटकलं. क्लोरहेक्झिडिनला कातडीवर टिकायला वेळ लागतो, 10 मिनिटं तरी. आधी त्या भागाचे केस कापून घ्यायचे, नाहीतर औषध केसांवरच राहतं. कोमट पाण्याने भिजवायचं, स्क्रब बोटांनी खपल्यांच्या कडेपर्यंत चोळायचं आणि घड्याळ लावून थांबायचं. घोडी तेवढ्या वेळात कंटाळते, शेजारच्या माणसाचा शर्ट चघळते, चघळू द्या. खपल्या ओरबाडायच्या नाहीत. मऊ पडून ज्या सुटतील त्या काढायच्या, उरलेल्या उद्यासाठी. निघालेल्या खपल्या तबेल्यात झाडून टाकू नका, गोळा करून नष्ट करा. वाळलेल्या खपलीत हा जिवाणू महिनोन्महिने जिवंत राहतो. हातमोजे घालाच, माणसालाही हे क्वचित लागतं.

आधी साध्या साबणाने किंवा शाम्पूने पाय धुऊन मग त्यावर हे लावत असाल तर थांबा. साबणाचा अंश उरला तर क्लोरहेक्झिडिन निकामी होतं. बाटलीवर याबद्दल चकार शब्द नाही.

ती 10 मिनिटं झाली की भरपूर पाण्याने धुवायचं आणि पाय पूर्ण कोरडा करायचा. 'पूर्ण' म्हणजे घडीच्या आत बोट घातलं तर ओल लागता कामा नये. एका टॉवेलने भागत नाही, दुसरा कोरडा लागतोच. हे टॉवेल धुताना क्लोरीनचं ब्लीच घालू नका. क्लोरहेक्झिडिन आणि ब्लीच एकत्र आले की कापडावर तपकिरी डाग पडतात, ते जन्मात निघत नाहीत.

सुरुवातीला रोज, आणि कातडीतून पाझर यायचा थांबला की आठवड्यातून दोनदा पुरे. हौसेने रोजच चालू ठेवलं तर कातडी कोरडी पडून भेगाळते आणि जंतूंना पुन्हा दार उघडं. झिंक ऑक्साइडचं मलम चांगलं, पण ते कातडी स्वच्छ आणि कोरडी झाल्यावर, पुढच्या चिखलापासून आडोसा म्हणून. ओल्या खपलीवर जाड थर थापला तर ओल आणि जंतू दोन्ही आत कोंडले जातात. घोडीची कातडी या पद्धतीने छान भरून आली, केसही परत आले. चार तारे तिच्यामुळे.

घोड्याची गोष्ट वेगळी. तो जड बांध्याच्या जातीचा, घोट्यांवर लांब केसांची दाट झालर. रात्री ठाण्यावर पाय आपटायचा, मागचा एक पाय दुसऱ्यावर घासायचा, कातडीवर कोंडा आणि खपल्या. वरवर पाहता घोडीचाच आजार. स्क्रब इमानेइतबारे वापरलं. पाय स्वच्छ झाले, कोंडा कमी झाला, आपटणं जसंच्या तसं. शेवटी डॉक्टरीणबाईंनी पात्याने कातडी खरवडून कोंडा काचपट्टीवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मलाही पाहू दिलं. कोंड्याच्या तुकड्यांमधून आठ पायांचं काहीतरी सावकाश सरकत होतं. कोरिऑप्टेस, पायांच्या खरजेचा किडा. तो रक्त शोषत नाही, कातडीच्या वरच्या कोंड्यावर जगतो, म्हणून तोंडाने दिलेल्या आयव्हरमेक्टिन या किडे मारणाऱ्या औषधाने पुरता हटेलच असं नाही. त्यांनी केस कापून वरून मारायचा फवारा दिला, आणि पुन्हा एकदा नंतर, कारण अंड्यातून नवी पिलावळ येते. किड्याचं चक्र साधारण 3 आठवड्यांचं असतं. सोबत राहणाऱ्या घोडीवरही तोच उपचार, आणि ठाण्यातला सगळा पेंढा बदलला, कारण जनावराच्या अंगावरून उतरल्यावरही हा किडा आठवडेच्या आठवडे तग धरतो. स्क्रबचा यात वाटा एवढाच, की त्याने कोंडा निघाला आणि फवारा कातडीपर्यंत पोचला.

बाटली हातात घेण्याआधी आणखी काही गोष्टी पाहा. फक्त पांढऱ्या केसांखालचीच कातडी सोलली असेल आणि रंगीत कातडी सुरू होते तिथे आजार रेघ मारल्यासारखा थांबत असेल, तर ऊन हे कारण असू शकतं. सोबत थोबाडावरचा पांढरा भागही पोळला असेल तर यकृतासाठी रक्त तपासून घ्या. केस गेलेले गोल चट्टे असतील तर गजकर्णाचा संशय. ते दुसऱ्या घोड्यांना आणि तुम्हालाही लागतं, खरारा-ब्रश वेगळे ठेवा. मागच्या पायाच्या नळीच्या पुढच्या बाजूला नुसतेच कोंड्याचे थर बसत असतील तर तो बहुधा कातडीचा स्वभावच. मूत्र उडून तसं होतं असं तबेल्यात सांगतात, पण मूत्र मागे सोडणाऱ्या घोडींनाही ते होतं, तेव्हा त्या गप्पा सोडून द्या. चिघळून न भरणाऱ्या, पिवळे दाणे दिसणाऱ्या जखमेवर माशांमार्फत येणाऱ्या जंताच्या अळ्या असू शकतात. तिथे धुणं पुरत नाही. आणि एक पाय एकाएकी खांबासारखा सुजला, गरम लागला, जनावर लंगडलं, ताप 38.5 अंशांच्या वर गेला, तर पाय धुवत बसू नका. त्याच क्षणी डॉक्टरांना फोन.

बाटलीच्या बनावटीबद्दल: पंप चांगला आहे, ओल्या हातांनीही दाबता येतो. झाकण मात्र सैल, आडवी पडली की गळते. डोळ्यांत जाऊ देऊ नका, कानातही नाही. बाटली थोबाडाच्या उंचीवर ठेवली तर घोडे नाक खुपसतातच.

याच कंपनीचं 'लोशन' नावाचं एक भावंडही आहे. त्यात क्लोरहेक्झिडिन किती ते छापलेलंच नाही, फक्त सुगंध भरपूर, म्हणून मी ते घेतलं नाही. 4 टक्क्यांचं मिळालं नाही तर 2 टक्क्यांचं चालेल, पण टक्केवारी लिहिलेली नसेल ती बाटली परत ठेवा.