आठ महिने जुन्याच सुई-कात्रीवर: माझा अनुभव

आठ महिन्यांपूर्वी ठरवलं, नवीन काही घ्यायचं नाही. डब्यात आहे त्याच सामानावर हातशिलाई करायची. त्यात एक पांघरूण, दोन पडदे आणि उसवलेल्या कपड्यांचा ढीग हातावेगळा झाला.

सगळ्यात जास्त वेळ सुयांनी खाल्ला. सुईवरचा निकेलचा मुलामा घामाने उडतो, आतलं पोलाद काळं पडतं आणि सुई कापडात अडखळायला लागते. टोक बोथट झालंय का, हे बघायला मी जुन्या नायलॉनच्या मोज्यावरून ते हलकेच ओढते. धागा अडकला की समजायचं. बारीक पॉलिश पेपरवर टोक फिरवत घासलं की सुई पुन्हा चालते, पण मुलामा गेलेला असल्यामुळे लवकर गंजते. म्हणून काम संपलं की शिलाई मशीनच्या तेलाचं बोट फिरवायचं. दोरा सारखा एकाच जागी पिंजून तुटत असेल तर दोष बहुधा दोऱ्याचा नसतो, नेढ्याच्या कडेला खरखर आलेली असते. वाकलेल्या सुईचा मात्र मोह धरू नका. मी धरला, आणि पांघरुणाचा धावदोरा वीतभर तिरका गेला. सगळा उसवावा लागला.

कात्री कापड कापण्याऐवजी पात्यांमध्ये दुमडून घेत होती. धार गेली असं वाटलं होतं, पण सैल झाला होता तो मधला स्क्रू. पाव फेरा आवळला आणि फरक लगेच जाणवला. टोकाकडे अजून चावते. कुणीतरी या कात्रीने कागद कापलेत. धार लावताना दगड बाहेरच्या उतरत्या कडेवरच फिरवला, आतली सपाट बाजू घासली नाही. ती घासली तर पाती एकमेकींना नीट भिडत नाहीत.

अंगुस्तानाला, म्हणजे शिवताना बोटावर घालायच्या टोपीला, खळगीत आरपार भोक पडलं होतं. आतून चामड्याचा तुकडा चिकटवला, तेव्हापासून बोट शाबूत आहे.

टेप मात्र गेली. कापडी टेप वर्षानुवर्षं ओढून ताणते. खिडकी पोलादी टेपने मोजली आणि कापड हिने, तर दोन मीटरचा पडदा दोन सेंटिमीटर लांब झाला. पोलादी पट्टीशेजारी ठेवून पाहिलं तेव्हा कळलं. आता तिचा उपयोग सुयांच्या पुड्या बांधायला.