महाभारतातली माणसं, ऑडिओ सिरीज: विदुर भारी, कर्ण गंडलाय

विदुराचा एपिसोड नक्की ऐका. उद्योगपर्वात धृतराष्ट्राला झोप लागत नाही म्हणून तो रात्री विदुराला बोलावतो आणि विदुर तोंडावर सांगतो की पांडवांचं राज्य देऊन टाक, राजाला पटतंही सगळं, पण म्हणतो दुर्योधन समोर आला की माझं मन फिरतं, हे इतकं मस्त वाचलंय ना! यक्षप्रश्नही छान, युधिष्ठिर भीम-अर्जुन सोडून नकुलाला जिवंत करायला सांगतो, माद्रीचाही एक मुलगा राहावा म्हणून. कर्णाला मात्र नुसता बिचारा केलाय, द्यूतसभेत तो द्रौपदीला काय बोलला ते चक्क गाळलंय. बॅकग्राउंड म्युझिक कमी करा राव, श्लोक ऐकूच येत नाहीत.