धुण्याच्या जागेची जमीन : खरबरीत कोबा, शहाबादी की टाइल्स?

घरामागच्या धुण्याच्या जागेवर घसरून म्हाताऱ्या माणसाचे खुब्याचे हाड मोडले, तर सगळे घर कित्येक महिने त्यात अडकून पडते. म्हणून या जमिनीचा निर्णय शोभेवर नव्हे, तर साबणाच्या पाण्यात भिजलेल्या अनवाणी पायाखाली ती कशी राहते, यावर घ्यावा. बोअरच्या जड पाण्यातले क्षार साबणाशी मिळून चिकट साका धरतात आणि पावसाळ्यात त्यावर शेवाळ चढते. अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचे पाणी खारट असलेल्या भागात, पाण्याचा हा प्रश्न ठाऊक नाही असे घर विरळाच.

पर्याय कोणताही घ्या, आधी ढाळ पाहावा. बादलीभर पाणी ओतून दहा मिनिटांनी ते कुठे साचले आहे ते बघावे. नालीकडे दर मीटरला दीड ते दोन सेंटिमीटर उतार नसेल, तर महागडी टाइल्सही निसरडीच राहील. खाली काळी जमीन असल्यास ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे वरची माती काढून मुरूम भरून चोपल्याशिवाय काहीही बसवू नये.

माझ्या मते बहुतेक घरांसाठी खरबरीत कोबा, म्हणजे सिमेंट-खडीची ओतीव जमीन, सर्वांत योग्य आहे. जुना कोबा निरू (सिमेंटचा पातळ लेप) मारून गुळगुळीत घोटलेला असतो आणि घसरण्याचे मूळ तिथेच असते. त्यावर नुसता पातळ थर दिला तर तो सुटतो. म्हणून जुन्या पृष्ठभागाला टाचे मारून (छिन्नीने खाचा पाडून), धूळ धुऊन, सिमेंटचा घोळ लावून सुमारे ४ सेंटिमीटरचा बारीक खडीचा नवा थर द्यावा. वर आलेले पाणी ओसरले आणि अंगठ्याचा हलका ठसा उमटेल इतपत माल घट्ट झाला, की ताठ काड्यांचा झाडू ढाळाच्या दिशेने एकसारखा ओढावा. त्या बारीक रेघांतून पाणी वाहून जाते आणि पायाला पकड मिळते. मिस्त्री सवयीने पुन्हा थापी फिरवून ते घोटू लागतो, तेव्हा समोर उभे राहूनच हे काम करून घ्यावे. एप्रिल-मेच्या उन्हात ओले पोते अंथरून निदान सात दिवस पाणी मारले नाही, तर वरचा थर भुसभुशीत होऊन निघून जातो.

शहाबादी फरशी टिकाऊ आहे, पण बिनपॉलिशचीच घ्यावी. वर्षानुवर्षांच्या वावराने तीही गुळगुळीत होत जाते. शिवाय हा चुनखडीचा दगड असल्याने ॲसिडने धुतल्यास खराब होतो.

अँटी-स्किड टाइल्स स्वच्छ ठेवायला सोप्या असतात आणि घरात धुण्याच्या मशीनसाठी वेगळी खोली असेल तर त्याच बऱ्या. मात्र डब्यावरचा ‘आर १०’ किंवा ‘आर ११’ हा आकडा तेलकट उतारावर बूट घालून केलेल्या चाचणीचा असतो. अनवाणी पायांसाठी, साबणाच्या पाण्यावर केलेली चाचणी वेगळी असून तिचे वर्ग ए, बी आणि सी असे आहेत. दुकानदाराकडे बी किंवा सी मागावा. तशी माहिती मिळत नसेल, तर टाइल ओली करून, साबण लावून, भिंतीला धरून स्वतः पाय ठेवून पाहावा.

रबरी चटई हा तात्पुरता उपाय आहे. ती खालून शेवाळते, म्हणून रोज उचलून वाळवावी लागते.

शेवाळ काढायला ब्लिचिंग पावडर आणि ताठ ब्रश चालतो, पण ब्लिचिंगमध्ये ॲसिड कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. सेमी-ऑटोमॅटिक मशीनचा पाइप जमिनीवर मोकळा सोडलेला असेल, तर तो आजच लांबवून थेट नालीत न्यावा. साबणाचे पाणी चालण्याच्या वाटेवर आलेच नाही, तर जमीन बदलण्याचा खर्चही थोडा पुढे ढकलता येतो.