अभिवाचनाच्या नावाखाली माझे ५३,८०० रुपये गेले. आरमारावर लिहिणाऱ्यांनो, सावध राहा

मुंबईत गोदी, आरमार, गलबतं यांवर पुस्तक काढलंय आणि वाचक शोधताय? मग ‘कार्यक्रम संयोजक’ म्हणवणाऱ्याचा फोन आला की आधी हे वाचा.

आमिष अभ्यास करून टाकलेलं होतं. १९४७ साली भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली ती १७ जुलैला. त्याच तारखेला गिरगावात पहिलं अभिवाचन, पुढे दादर, मुलुंड, बोरिवली. शिवाय शाळांच्या ग्रंथालयांसाठी २०० प्रतींची खरेदी. खांदेरीच्या १६७९च्या लढाईवर नेमके प्रश्न विचारणाऱ्या माणसावर कोण संशय घेईल?

चार सभागृहांची अनामत प्रत्येकी ६,५००, म्हणजे २६,०००. ध्वनिव्यवस्था आणि फलक ९,०००. वर १८ टक्के जीएसटी ६,३००. एकूण ४१,३०० यूपीआयने गेले. नंतर खरेदीच्या ‘नोंदणी’चे १२,५००. सभागृहाचं आरक्षण खरं आहे का, हे त्या सभागृहाच्या कार्यालयातच विचारा. अनामतीची पावती संस्थेच्याच नावाची हवी.

खूण बिलातच होती. आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. पत्ता गिरगावचा आणि जीएसटी क्रमांकाची सुरुवात ०७ने! महाराष्ट्राचा २७ असतो, ०७ दिल्लीचा. परत मिळणाऱ्या अनामतीवरही कर लावलेला. पण शिक्का, सही, बोधचिन्ह सगळं जागच्या जागी होतं. लेखकानं बखरी तपासायच्या की करक्रमांक? तरी तपासाच. जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते दिसतं.

पोलीस ठाण्यात ऐकवलं, ‘हा दिवाणी मामला.’ दुसऱ्या ठाण्यात, ‘आमची हद्द नाही.’ सायबरवाले म्हणाले, ‘पैसे तुम्हीच पाठवलेत ना?’ अहो, फसवून घेतले म्हणूनच तर पाठवले! भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३नुसार गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवून घ्यावीच लागते. कलम दाखवलं तर, ‘साहेब आल्यावर या.’ बँकेचं छापील उत्तर, व्यवहार ग्राहकानंच मंजूर केला. ही टोलवाटोलवी चालते तोवर पैसे खात्यामागून खाती ओलांडतात. म्हणून ठाण्याची पायरी चढण्याआधी १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा हेल्पलाइन क्रमांक लावा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या.

‘नमुन्याच्या’ म्हणून ४० प्रतीही नेल्या, छापील किंमत ४५०. म्हणजे १८,००० रुपयांचा माल. चलनावर सही घेतल्याशिवाय एकही प्रत हातातून सोडू नका. या ४० प्रती तक्रारीत धरल्याच नाहीत. ‘भेट दिल्या असतील’ असं पोलीस म्हणाले.