घराण्याचा ट्रस्ट की कंपनीचा सीएसआर? हंगामी काम करणाऱ्या लहान संस्थेसाठी

तालुक्यात काम करणाऱ्या लहान संस्थेपुढे कधी ना कधी हा प्रश्न येतोच. प्रस्ताव लिहायला एकच माणूस असतो, बहुधा सचिव किंवा शाळेतून निवृत्त झालेले एखादे सर. दोन्हीकडे सारख्याच नेटाने पाठपुरावा होत नाही. मग कंपनीच्या सीएसआर विभागाकडे (कायद्याने समाजकार्यावर करायचा खर्च पाहणाऱ्या) जायचं, की एखाद्या जुन्या घराण्याच्या खासगी ट्रस्टकडे? मी बीड जिल्ह्यातल्या एका संस्थेचा हिशेब सांभाळतो. आम्ही दोघांचेही पैसे घेतलेत आणि आता एका बाजूला जरा जास्त झुकलोय. १२-ए, ८०-जी या करसवलतीच्या आयकर नोंदण्या आणि तीन वर्षांचे ऑडिट झालेले ताळेबंद तुमच्याकडे आहेत असं धरूनच पुढचं लिहितो.

घराण्याचा ट्रस्ट म्हटलं की टाटांचं नाव आठवतं. पण १९१९चा सर रतन टाटा ट्रस्ट किंवा १९३२चा सर दोराबजी टाटा ट्रस्ट यांचा पसारा फार मोठा. तिथे प्रस्ताव तपासायला पगारी जाणकार माणसं आहेत. मी बोलतोय ते पुणे, सोलापूर, कोल्हापूरकडच्या अशा ट्रस्टांबद्दल, जिथे विश्वस्त म्हणजे दोन भाऊ, एक वहिनी आणि घरचे सीए, आणि कचेरी म्हणजे पेढीमागची खोली.

सीएसआरची जमेची बाजू आधी सांगतो, कारण ती खरोखरच भक्कम आहे. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५ मध्ये बसणाऱ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम या कामी खर्चावीच लागते. साहेब बदलले तरी ती तरतूद राहते. रकमाही मोठ्या. शिवाय कंपनीने आपल्या कामकाजाच्या परिसराला प्राधान्य द्यावं असं कायदाच म्हणतो. तुमची संस्था चाकण, वाळूज किंवा बुटीबोरीच्या आसपास असेल तर हे कलम तुमच्या बाजूचं. आमच्या डोंगरपट्ट्यात कारखाना म्हटला की लोकांना साखर कारखाना आठवतो, आणि तोही दुसऱ्या जिल्ह्यातला.

कागदपत्रांवर फार बोलत नाही. कंपनीसाठी सीएसआर-१ची (सीएसआरचे पैसे घेणाऱ्या संस्थेची सरकारकडची) नोंदणी लागते, सगळ्या विश्वस्तांचे केवायसी, धोरणांचे दोन-तीन मसुदे. एकदा फाईल तयार झाली की पुढच्या कंपनीलाही चालते. घराण्याच्या ट्रस्टला दोन पानी पत्र आणि ताळेबंद पुरतो. पण ते पत्र पाठवायचं कुठे, हीच खरी अडचण. वेबसाइट नाही, अर्जाचा नमुना नाही, शेवटची तारीख नाही. कोणीतरी ओळख करून द्यावी लागते. ज्या संस्थेत पुण्या-मुंबईशी लागेबांधे असलेला एकही माणूस नाही, तिला हे दार दिसतच नाही. यात अन्याय आहे, आणि माझा कल कुठेही असला तरी तो नाकारता येत नाही.

आता ज्या एका गोष्टीमुळे आम्ही घराण्याच्या ट्रस्टकडे वळलो ती.

आमचं काम ऊसतोड मजुरांच्या मुलांचं. आईबाप कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, गेले की मुलांनी आजी-आजोबांपाशी राहावं, शाळा सुटू नये, म्हणून गावात संध्याकाळचं जेवण आणि अभ्यास. सरकारी हंगामी वसतिगृह चालत नाही अशी गावं आम्ही घेतो. हे काम दसऱ्याला उभं राहतं, नाहीतर त्या वर्षी राहतच नाही. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते. टोळी निघायचा दिवस ठरतो, आणि त्याच आठवड्यात आई ठरवते की धाकट्याला बरोबर न्यायचं की म्हातारीपाशी ठेवायचं. तेव्हा गावात जेवण-अभ्यास सांभाळणाऱ्या आमच्या ताईंना ‘जेवणाची सोय आहे’ असं छातीठोक सांगता आलं, तर पोर गावात राहतं. ‘मंजुरी झालीय, हप्ता यायचाय’ असं म्हटलं, की ते ट्रकमध्ये बसतं.

एका कंपनीबरोबर आमचं वेळापत्रक असं चाललं: प्रस्ताव उन्हाळ्यात, समितीची मान्यता गणपतीच्या सुमारास, करारावर सह्या दिवाळीनंतर, पहिला हप्ता जानेवारीत. पत्राच्या तळाशी अट: पूर्ण रकमेचं विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसे वापरल्याचा दाखला, ३१ मार्चपर्यंत. तोवर किराणा उधारीवर आणि ताईंचं मानधन थकलेलं. अर्ध्याअधिक मुलांची जेवणं झालीच नाहीत, कारण ती मुलं सांगली-कोल्हापूरच्या उसाच्या फडात होती. आणि आता अख्ख्या हंगामाचे पैसे उरलेल्या दिवसांत संपवायचे. तिथल्या अधिकाऱ्यांनी सुचवलं, टॅबलेट घ्या, सतरंज्या घ्या. माणूस सज्जन होता. त्याच्याही मानेवर मार्चअखेर होती.

ही त्या कंपनीची खोड नव्हे, नियमच तसा आहे. पैसे संस्थेच्या खात्यात जमा झाले एवढ्याने कंपनीचा खर्च झाला असं धरत नाहीत. संस्थेने ते प्रत्यक्ष वापरले तरच धरतात. केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाने ऑगस्ट २०२१च्या परिपत्रकात हे स्पष्ट केलंय. एरवी उरलेली रक्कम कंपनीला आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत कायद्याच्या अनुसूची ७ मधल्या एखाद्या निधीत, पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीसारख्या, भरावी लागते. यातून वाट आहे. कंपनीच्या संचालक मंडळाने तुमचं काम ‘ऑनगोइंग प्रोजेक्ट’ म्हणून मंजूर केलं, तर सुरुवातीचं वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत ते चालू शकतं, आणि शिल्लक रक्कम कंपनी वेगळ्या बँक खात्यात ठेवू शकते. सीएसआरकडे जाणार असाल तर पहिल्याच बैठकीत हे विचारा. आम्ही विचारलं होतं. आमच्या रकमेसाठी एवढी यातायात करण्याची तिथे तयारी दिसली नाही. तुमचा आकडा मोठा असेल तर उत्तर वेगळं मिळू शकेल.

घराण्याच्या ट्रस्टचं गणित निराळं. करमाफीसाठी त्यांना आपल्या उत्पन्नाचा ८५ टक्के भाग धर्मादाय कामी लावावा लागतो, पण नोंदणीकृत संस्थेला दिलेली देणगी त्यांच्या हिशेबात दिली तेव्हाच धरली जाते. आपण ती नोव्हेंबरात वापरली की फेब्रुवारीत, याने त्यांचं काही अडत नाही. (आपल्या संस्थेला स्वतःचा ८५ टक्क्यांचा नियम आहेच, तो आपल्या सीएशी बोलून सांभाळायचा.) आम्हाला देणाऱ्या ट्रस्टची बैठक श्रावणात, थोरल्यांच्या पुण्यतिथीच्या सुमारास होते. त्यामुळे धनादेश दसऱ्याआधी हातात असतो. त्यांची पुण्यतिथी माघात असती तर कदाचित मी हा लेख उलट्या बाजूने लिहिला असता. पण असंही वाटतं की तेव्हा फोन करून अडचण सांगितली असती तर त्यांनी बैठक अलीकडे घेतली असती. कंपनीला हे सुचवण्याची हिंमत तरी कोण करेल?

दुसरं म्हणजे बदल. एका हंगामात एका गावची टोळीच फुटली, मुलं कमी झाली. शेजारच्या गावात वाढली. आम्ही ट्रस्टला पत्र लिहिलं, दोन दिवसांत ‘हरकत नाही’ असं उत्तर आलं. सीएसआरच्या करारात गावांची नावं आणि खर्चाची सदरं आधीच लिहिलेली असतात. ती बदलायची तर पुन्हा सगळ्या पायऱ्या चढायच्या.

ताईंच्या मानधनाबद्दलही एक सांगायला हवं. सीएसआर नियमांत प्रशासकीय खर्चावर ५ टक्क्यांची मर्यादा आहे, ती कंपनीच्या स्वतःच्या प्रशासनावर. तरी तोच आकडा संस्थेच्या अंदाजपत्रकाला लावलेला मी पाहिलाय. मग खर्च ताटांवर जास्त दाखवायचा आणि ताईंवर कमी. अशा वेळी नियमाची प्रत पुढे ठेवावी. काही ठिकाणी ऐकतात.

घराण्याच्या ट्रस्टचे तोटे मात्र डोळे उघडे ठेवून पाहा. रक्कम लहान. पुढच्या वर्षाची लेखी हमी नाही. ‘बघू, देऊ’ हाच करार. सगळं एक-दोन माणसांवर उभं. थोरले गेले, नातू परदेशातून शिकून आला, त्याला ऊसतोडीपेक्षा प्राणी किंवा सौर ऊर्जा जवळची वाटली, की तुमचं काम मागे पडतं. आजीच्या नावाची पाटी लावा, कार्यक्रमाला घरच्यांना बोलवा, हेही असतं. मला पाटीचा त्रास होत नाही. आमच्या कार्यकारिणीतल्या काहींना होतो. आणि एक तांत्रिक गोष्ट: वित्त कायदा २०२३ नंतर एका ट्रस्टने दुसऱ्याला दिलेल्या देणगीचा ८५ टक्केच भाग त्यांच्या हिशेबात धरतात, म्हणजे १ लाख दिले तर ८५ हजार. कायम निधीसाठी (मुद्दल राखून फक्त व्याज वापरायचं, त्यासाठी) म्हणून दिलेली रक्कम तर धरतच नाहीत. त्यामुळे अशा ट्रस्टकडे कायम निधी मागू नका. घरचे सीए तिथेच नाही म्हणतील आणि बाकीचा प्रस्तावही बाजूला पडेल.

तुमचं काम वर्गखोली, पाण्याची टाकी, तलावातला गाळ असं असेल, तर मी सीएसआरच सुचवेन. गाळ जानेवारीनंतरच निघतो, मार्चअखेर तिथे आड येत नाही. आम्हीही सौर दिवे आणि भांडी यांसाठी कंपनीकडेच जातो. पण ज्या कामात मुख्य खर्च माणसांचा आहे आणि हंगाम आर्थिक वर्षाच्या मधोमध पडतो, तिथे लहान पण वेळेवर येणारी रक्कम मला अधिक कामाची वाटते. इतरांचा अनुभव वेगळा असू शकेल.

घराण्याच्या ट्रस्टला लिहिणार असाल तर पत्र ज्येष्ठ-आषाढातच जाऊ द्या. त्यात पैसे कोणत्या तारखेपर्यंत हातात हवेत हे रकमेच्या आधी लिहा, आणि ‘यंदा जमणार नसेल तर तेही पोळ्याआधी कळवावं’ ही ओळ घाला. नकार वेळेत मिळाला तर उधारीवर किती गावं घ्यायची ते ठरवता येतं.