प्रॉक वाचायचं की ईबीपीएफ लावायचं?

नागपुरात गायत्रीनगरच्या आयटी पार्कात आमच्या एका सर्व्हरवर रात्री लोड चढायचा, आणि टॉप (चालू प्रोसेस दाखवणारी कमांड) उघडलं की सगळं शांत. प्रश्न तिथून सुरू झाला.

लिनक्समध्ये प्रोसेसची, म्हणजे चालू प्रोग्रामची, अवस्था कर्नलकडे, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याकडे असते. प्रॉक फाइलसिस्टीम ती मजकुराच्या रूपात दाखवते: आर म्हणजे चालू किंवा रांगेत, एस म्हणजे झोपलेली, झेड म्हणजे झॉम्बी, संपलेली पण यादीत उरलेली. टॉप आणि पीएस या कमांड हेच वाचतात. वेगळं काही बसवावं लागत नाही. डिस्कची वाट बघत डी अवस्थेत अडकलेली प्रोसेस शोधायला मी आजही आधी हेच उघडतो. ती सक्तीने मारणाऱ्या किल -९ लाही सहसा दाद देत नाही, पण जागची हलत नसल्याने हमखास सापडते.

मात्र हे ठरावीक वेळाने काढलेले फोटो. दोन फोटोंच्या मधे जन्मून मेलेली प्रोसेस दिसतच नाही. आमचं एक क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) तसलेच शेकडो क्षणजीवी शेल, म्हणजे कमांड चालवणाऱ्या प्रोसेस, सोडत होतं.

ईबीपीएफ म्हणजे कर्नलच्या आतच आपला छोटा प्रोग्राम चालवण्याची सोय. तिची रीत वेगळी. त्यासाठीचा बीपीएफ सिस्टीम कॉल (कर्नलला करायची विनंती) २०१४ च्या ३.१८ कर्नलपासून आहे, ४.७ पासून असा प्रोग्राम ट्रेसपॉइंटला, म्हणजे कर्नलमधल्या ठरलेल्या निरीक्षणाच्या जागेला, जोडता येतो. कर्नलमधला व्हेरिफायर तो सुरक्षित आहे का ते आधी तपासतो, मग प्रत्येक एक्झेक (नवा प्रोग्राम सुरू होणं) आणि एक्झिट (प्रोसेस संपणं) घडताक्षणी कळतं. त्यासाठी रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) किंवा तशी परवानगी हवी. शेड्यूलर एका प्रोसेसवरून दुसरीवर जातो त्या प्रत्येक स्विचवर असा प्रोग्राम लावला तर भारही जाणवतो.

रोजच्या देखरेखीला माझं मत प्रॉकलाच. हातातून निसटणाऱ्या प्रोसेससाठी मात्र ईबीपीएफ. आमचं ते क्रॉन जॉब त्यानेच पहिल्या रात्री पकडून दिलं.